शंभराचे एकशे अठरा

माती काय धरून ठेवते आणि काय सोडून देते, हे ठरवायला चोवीस तास, एक हलवणारं यंत्र आणि एक गरगर फिरवणारं यंत्र एवढंच लागतं. माणसांसाठी अशी सोय अजून निघालेली नाही, म्हणून लग्नं ठरू शकतात.

डॉ. अनिरुद्ध आगाशे यांच्या 'भूमिजा मृदा परीक्षण केंद्रा'त ही दोन्ही यंत्रं होती. केंद्र शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. तीन खोल्या आणि तीन माणसं. पहिले स्वतः आगाशे. विद्वान, सालस, आणि 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकही शब्द गेल्या वीस वर्षांत न वापरलेले. काहीही विचारलं की ते चष्मा पुसत आणि म्हणत, "आपण बघू." दुसरे दत्तोबा. भोरकडचे, साठीला टेकलेले, केंद्राच्या मागच्या खोलीत राहणारे. हुद्दा मदतनिसाचा, पण कोणती बाटली कोणत्या कपाटात राहील आणि कोणता माणूस कोणत्या बाटलीला हात लावील, हे तेच ठरवत. आगाशे "आपण बघू" म्हणाले की दत्तोबा "म्या बघितलं" म्हणत आणि विषय संपे.

तिसरी अस्मिता ओव्हाळ. वय सव्वीस, रसायनशास्त्रात एम.एस्सी., राहणार खडकी. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. ते सहा महिने येत्या शनिवारी संपत होते. आगाश्यांनी तिला त्यांच्या मानाने फारच स्पष्ट सांगितलं होतं, "हिंमतरावांच्या अहवालावर आपली सही झाली, की मग आपलं कायमचं काय ते बघू." केंद्राचा नियमच होता की ज्याने चाचणी केली त्याचीच सही. आगाश्यांना हा नियम फार प्रिय होता, कारण त्यामुळे त्यांना सही करावी लागत नसे.

शनिवारी सही झाली नाही तर काय, याचीही व्यवस्था होती. थोरल्या बहिणीचा नवरा अभय याने हिंजवडीतल्या आपल्या कंपनीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. सॉफ्टवेअर तपासायचं काम. "टेस्टिंग इज टेस्टिंग, अस्मिता," तो फोनवर म्हणाला होता. "इथे ॲटलीस्ट एसी आहे. मंडेला जॉइन नाही झालीस तर एचआर पुढच्या कॅंडिडेटला कॉल करेल, मग मला बोलू नकोस."

अस्मिताला माती हवी होती. तिचं कारण सांगायला सोपं नव्हतं. मातीतून निथळलेल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते आधी पिवळं होतं, मग सावकाश निळं, आणि त्या निळ्याच्या गडदपणावरून एक आकडा येतो. तो आकडा कोणाच्या ओळखीने बदलत नाही. अशी गोष्ट तिने त्याआधी कुठल्याही कचेरीत पाहिली नव्हती.

आता हिंमतराव. हे दौंडकडचे ऊसबागायतदार, पण हल्ली कारखानदार. 'शिलाबल' नावाचं एक द्रावण ते कॅनमधून विकायला काढणार होते. वाळूच्याच कुळातला पदार्थ, पण पाण्यात विरघळणारा. शास्त्रज्ञ त्याला सिलिकेट म्हणतात. उसाला घातलं की कांडं टणक होतं आणि किडीला दात लागत नाहीत. त्यांना पुरावा हवा होता तो एवढाच, की जमिनीत टाकलेलं शिलाबल मातीला चिकटून राहतं, पाटाच्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतात जात नाही. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. हिंमतरावांनी तो शब्द ऐकून खुर्ची मागे सारली होती.

"शोषण-बिषण कॅनवर नको हां मॅडम. लोक मोर्चा आणतील. चिकटतं म्हणा."

चाचणी साधी. हिंमतरावांच्या शेतातली काळी माती वाळवायची, चाळायची, चमचाभर माती शिलाबलच्या पाण्यात टाकून चोवीस तास हलवायची. मग नळ्या गरगर फिरवल्या की माती तळाशी बसते आणि वर निवळ पाणी राहतं. आधी पाण्यात शंभर भाग होते आणि शेवटी साठ उरले, तर चाळीस मातीने धरले. बरोबरीने काही नळ्यांत माती आणि नुसतं पाणी ठेवायचं, कारण मातीत मुळातच थोडं सिलिकेट असतं. ते किती, हे कळलं पाहिजे. या नळ्यांना 'कोऱ्या' म्हणतात. बास, एवढंच शास्त्र. बाकीचं सगळं बाटल्या धुणं.

गणपतीच्या आदल्या दिवशी अस्मिताने हे सगळं केलं, निवळ पाणी छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि रंग उद्या बघू म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येते तो मंडपाचा मागचा खांब केंद्राच्या पायरीवर उभा होता आणि दरवाजाला पाठ लावून एक तीस फुटी राजवाडा. मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला, "ताई, दहाच दिवसांचा प्रश्न आहे." आगाश्यांना फोन केला. ते म्हणाले, "आपण बघू." त्यामुळे केंद्र दहा दिवस बंद राहिलं. आत फक्त दत्तोबा होते. ते मागच्या मोरीच्या दाराने ये-जा करत.

विसर्जनानंतर राजवाडा उतरला. सोमवारी केंद्र उघडलं, मंगळवारी अस्मिताने डबे काढून रंग केला. तिन्ही नळ्या अशा निळ्या झाल्या की आगाशे आपल्या खोलीतून उठून बघायला आले.

शंभर भाग टाकले होते. एकशे सोळा आले, एकशे अठरा आले, एकशे वीस आले. सरासरी एकशे अठरा.

"म्हणजे," आगाशे चष्मा पुसत म्हणाले, "चिकटलं किती?"

"उणे अठरा, सर."

"उणे चिकटलं."

"हो."

आगाश्यांनी चष्मा परत पुसला. दत्तोबा बाटल्या पुसत होते. त्यांना यात कोडं दिसेना.

"ताई, चांगल्या घरची माती हाय ती. शेजारनीचा डबा आला की आपन रिकामा परत देतो व्हय? कायतरी घालूनच देतो. तिनंबी घातलं."

"कोऱ्या नळ्यांचं पाणी कुठे आहे, काका? 'को' लिहिलेले डबे?"

"ते तर नुसतं पानी व्हतं. वतून टाकलं, डबे धुतले."

अस्मिताने डोळे मिटले आणि उघडले. दत्तोबांनी डबे धुतले होते म्हणजे खरंच धुतले होते. त्यात आता काही शोधण्यात अर्थ नव्हता.

बुधवारी सकाळी आगाशे अपराधी चेहऱ्याने तिच्या टेबलापाशी आले. "हिंमतरावांचा फोन आला होता. आकडा विचारत होते. माझ्या तोंडून निघून गेला."

"कोणता?"

"आपल्याकडे एकच आहे."

हिंमतरावांना तो आकडा अतिशय आवडला होता. जमिनीला शंभर द्यावे आणि जमिनीने एकशे अठरा परत करावे, ही कल्पना ऐकून ते फोनवर काही वेळ नुसतेच श्वास घेत होते, असं आगाश्यांनी सांगितलं. चिकटण्याचं वगैरे आता राहू द्या, हेच छापू, शनिवारी अहवाल घ्यायला येतो आणि लेबलाचा नमुनाही आणतो, असा निरोप होता.

"पण सर, हे चूक आहे. जे टाकलंच नाही ते येईल कुठून?"

"चूक आहे हे मलाही जाणवतं," आगाशे म्हणाले. "पण कशी चूक आहे हे आपल्याला माहीत नाही. गिऱ्हाईक खूश आहे. आपण सही केलीत तर..." पुढचं वाक्य त्यांनी हवेत सोडलं. आगाश्यांची अशी बरीच वाक्यं केंद्राच्या हवेत तरंगत असत.

संध्याकाळी खडकीला घरी अस्मिता वडिलांसोबत जेवायला बसली. तिचे वडील दशरथ ओव्हाळ दारूगोळ्याच्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. त्या विभागात 'जवळजवळ बरोबर' हा प्रकार नसे. असता तर दशरथराव निवृत्तीपर्यंत पोचले नसते.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठरा."

"शंभरातून?"

"हो."

"मग सही कशाची करतेस?"

"अजून केली नाही, पप्पा. पण सगळे खूश आहेत. गिऱ्हाईक खूश, सर खूश. सही केली की मी कायम. नाही केली की सोमवारी हिंजवडी."

दशरथरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्याकडे गोळा उडाला की सगळे खूश असायचे. कुठे उडाला हे बघायला मी होतो."

आई चंपाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, तिचं मातीचं काम आहे. माती उडत नाही."

"आकडाही आपोआप उडत नाही," दशरथराव म्हणाले. "तू हात लावल्यापासून परत हात लावेपर्यंत त्याला कोणाकोणाचे हात लागले, ते बघ. आमच्याकडे चुका धातूत कमी सापडायच्या. डब्यात, झाकणात, आणि उत्साही माणसात."

गुरुवारी अस्मिताने सगळं पुन्हा तपासलं. तराजू बरोबर होता. औषधं बरोबर होती. रंग मोजणारं यंत्र बरोबर होतं. शिलाबलचं मूळ पाणी पुन्हा मोजलं, ते शंभरच निघालं. दीड वाजता तिने हात टेकले आणि डबा उघडला. दत्तोबा समोर आपली भाकरी घेऊन बसले होते. तिने डब्यातून एक छोटी डबी काढली, तशी त्यांची भाकरी हातातच थांबली.

"ताई, लोनचं प्लास्टिकात?"

"डबी घट्ट बसते, काका. सांडत नाही."

"न्हाई सांडायचं. पन बिघडंल की. आमच्याकडं कुनी ठिवत न्हाई. काच न्हाईतर बरनी. प्लास्टिकाला वास धरतो, लोनच्याला प्लास्टिक धरतं. शिकल्याली मानसं तुम्ही. म्हनून तर म्या तुमचं पानीबी..." ते थांबले आणि भाकरीकडे बघू लागले.

"माझं कोणतं पाणी?"

"जेवा आधी."

"काका, कोणतं पाणी?"

"हिंमतरावांचं." दत्तोबा पाणी प्यायले, मग त्यांनी सांगून टाकायचं ठरवलं. "दहा दीस मंडप उभा. तुमी त्या प्लास्टिकाच्या डब्यांत पानी ठिऊन गेल्या. म्हनलं, दहा दिसांत नासंल. येवढ्या पोरीची येवढी मेहनत. मंग म्या काचंच्या बाटल्यांत वतलं. आपल्या त्या बुचाच्या, जुन्या. चिठ्ठ्या जिथल्या तिथं लावल्या. खिडकीत ठिवल्या, ऊन लागाया. तुमी यायच्या आदल्या दिशी परत तुमच्या डब्यांत."

"उन्हात ठेवल्यात."

"लोनच्याला दाखवतोच की आपन."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुमाला काच खपत न्हाई. पयल्या दिशीच म्हनला व्हता, या कामाला काच नको. तीस वर्सं म्या या बाटल्या धुतोय, अन् तुमी आल्या आल्या म्हनता काच नको. म्या काय म्हनलं न्हाई."

हे खरं होतं. अस्मिताने पहिल्याच दिवशी 'काच नको' असं सांगितलं होतं. का नको, हे सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे दत्तोबांच्या मानात बसत नव्हतं. सहा महिने दोघांनी एकमेकांचा असा व्यवस्थित आदर केला होता.

"काका, काच कशाची करतात?"

"काच काचंचीच अस्ती."

"वाळूची. वाळू वितळवून. आणि शिलाबल कशाचं? वाळूचंच. शिवाय ते पाणी धुण्याच्या सोड्यासारखं आहे, हाताला बुळबुळीत लागतं बघा. असं पाणी काचेत राहिलं, त्यातून उन्हात, की ते काच चाटत बसतं. थोडी थोडी काच पाण्यात उतरते. ते वरचे अठरा मातीने नाही दिले. बाटलीने दिले."

दत्तोबांनी डबा बंद केला. चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या लेकीवर चोरीचा आळ घेतला होता.

"माझी बाटली न्हाई द्यायची."

"दिलेत, काका."

"बाटलीला काय झालंय? तडा हाय? टवका हाय? लख्ख हाय बाटली. तिच्यातनं काय जाईल? आन् गेलं तर दिसनार न्हाई?"

वाद घालून हे मिटणार नव्हतं. अस्मिताने सांगितलं, "तुमची सगळ्यात चांगली बाटली काढा." दत्तोबांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक काढली, पुसलेली परत पुसली. तिने त्यात शिलाबलचं शंभराचं पाणी भरलं. तेवढंच एका प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. मातीचा कणही नाही. दहा दिवसांचं काम एका दिवसात व्हावं म्हणून दोन्ही भट्टीत साठ अंशांवर ठेवायच्या ठरल्या. दत्तोबांनी दोन्ही बुचांना सुतळी बांधली आणि वर आपली गाठ मारली.

"ही गाठ भोरात आमच्याच घरात मारत्यात," ते म्हणाले. "कुनी सोडली तर मला कळंल."

त्याच दुपारी अस्मिताने मूळ चाचणीही नव्याने लावली. नवी माती, नवं पाणी, कोऱ्या नळ्या, सगळं प्लास्टिकमध्ये. यंत्र डुगडुगायला लागलं. आगाशे दारात येऊन उभे राहिले.

"उद्या आकडा वेगळा आला तर?"

"तर तो बरोबर असेल, सर."

"हिंमतरावांना काय सांगायचं, ते आपण..."

"मी सांगेन."

आगाशे इतक्या हलक्या पावलांनी खोलीत परतले की त्यांचं वजन दोन किलोंनी कमी झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी दुपारी भट्टी उघडली. दत्तोबांनी गाठी तपासल्या, सोडल्या, आणि नळ्यांशेजारी हात मागे बांधून उभे राहिले. प्लास्टिकचं पाणी निळं झालं, आकडा शंभर. काचेचं पाणी निळं झालं, मग आणखी निळं झालं, आणि झालं तेवढ्यावर थांबलं नाही. आकडा एकशे बावन्न.

दत्तोबांनी आपली बाटली उचलली, धुतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आतून बघितली, बाहेरून बघितली.

"कुठनं गेलं?"

"सगळीकडून थोडं थोडं."

"दिसत तर न्हाई गेल्यालं."

"फार कमी गेलंय. बाटलीला कळणारही नाही. पण आपल्या आकड्याला कळतं."

दत्तोबांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "पयल्या दिशी सांगायचं व्हतं, ताई. म्या येडा न्हाई."

"चुकलं माझं, काका."

"माझंबी."

आणि ते बाटल्यांचं अख्खं कपाट पुसायला लागले, जे त्यांनी सकाळीच पुसलं होतं.

मातीचा खरा आकडाही संध्याकाळपर्यंत आला. शंभरातले एक्केचाळीस मातीने धरले होते. म्हणजे पाण्यात उरत होते एकोणसाठ; मंगळवारी त्यांचे एकशे अठरा करण्यात बहुतेक हात बाटलीचा होता, थोडा मातीतल्या मुळच्या सिलिकेटचा. तिन्ही नळ्यांत एखाद्याच भागाचा फरक. साध्या पाण्याने ती माती दोनदा धुतली तेव्हा त्या एक्केचाळिसातले पंधरा सावकाश सुटून आले. अस्मिताने अहवाल टाइप केला. सहीची जागा रिकामी ठेवली. सही गिऱ्हाइकासमोर करायची, ही तिची स्वतःचीच पद्धत होती आणि तीही आजपासूनची.

शनिवारी अकरा वाजता हिंमतराव आले. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, पांढरे बूट. मातीशी संबंध असल्याची कोणतीही खूण नाही. हातात लेबलाचा नमुना. हिरव्या रानात एक ऊस, उसाच्या शेजारी त्याहून थोडे बुटके हिंमतराव, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'जमिनीला शंभर द्या, एकशे अठरा घ्या'.

"कसं वाटतंय?"

"ऊस चांगला आला आहे," अस्मिता म्हणाली. "आकडा बदलला आहे. एक्केचाळीस."

"आणखी एक्केचाळीस?"

"फक्त एक्केचाळीस. शंभर टाकले तर एक्केचाळीस माती धरते. बाकीचे पाण्यात राहतात."

हिंमतरावांनी आगाश्यांकडे पाहिलं. आगाश्यांनी चष्म्याकडे पाहिलं.

"मंगळवारी एकशे अठरा होते," हिंमतराव म्हणाले. "आज शनिवार. चार दिवसांत माझी जमीन एवढी बिघडली?"

"जमिनीचं काही नाही. आमच्याकडून..."

ती पुढे बोलायच्या आत मागून आवाज आला. "ते वरचं अठरा तुमच्या औषधाचं न्हाई, साहेब. माझ्या बाटलीचं हाय." दत्तोबा बाटली घेऊनच आले होते. ती त्यांनी टेबलावर हिंमतरावांच्या फोटोशेजारी ठेवली. "काचंतनं उतरलं. म्या ठिवलं व्हतं, प्लास्टिकात नासंल म्हनून. ताईंचा दोष न्हाई."

हिंमतरावांनी बाटली उचलली, फिरवून पाहिली, आणि व्यापारी माणसाला पडावा तो पहिला प्रश्न विचारला. "अशा किती आहेत तुमच्याकडं?"

"विकायच्या न्हाईत."

"एक्केचाळीस म्हणजे निम्मंपण नाही," हिंमतराव खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, आमचे प्रतिस्पर्धी पंच्याण्णव टक्के चिकटतं म्हणून छापतात."

"पंच्याण्णव चिकटलं तर उसाला काय मिळणार? माती धरून बसेल आणि मूळ बघत बसेल."

"म्हणजे चिकटलेलं वाईट?"

"नाही. अजिबात नाही चिकटलं तर पाण्याबरोबर जाईल."

"म्हणजे सुटलेलं वाईट."

"तुमच्या मातीने एक्केचाळीस धरले आणि नुसत्या पाण्याने धुतल्यावर त्यातले पंधरा हळूहळू सोडले. धरून ठेवायचं आणि मागितलं की थोडं थोडं द्यायचं. हे तुमच्या कामाचं आहे."

"असेल. पण ते कॅनवर मावत नाही." हिंमतराव उठले. "दुसरीकडं करून घेतो. कुठली तरी लॅब एकशे अठरा देईलच की."

"देईल," अस्मिता म्हणाली. "फक्त शेतकऱ्यांच्या मिटिंगमध्ये कोणी विचारलं, की जास्तीचे अठरा आले कुठून, तर त्यांच्याकडून उत्तरही लिहून घ्या."

हिंमतराव दारापर्यंत गेले होते. तिथे ते थांबले. हात चौकटीवर तसाच राहिला. बोळातून एक टेम्पो रिव्हर्स घेत गेला, त्याचं गाणं वाजून संपलं, तरी ते हलले नाहीत.

"सर्जेराव विचारंल," ते हळूच म्हणाले.

"कोण सर्जेराव?"

"चुलतभाऊ. बांधावरून अकरा वर्षं कोर्टात आहोत. माझ्या प्रत्येक मिटिंगला पहिल्या रांगेत येऊन बसतो. चहाबी पितो." हिंमतराव परत येऊन खुर्चीत बसले. "सगळ्या गावासमोर उभा राहील आन् म्हनंल, दादा, शंभराचे एकशे अठरा कसे झाले ते जरा समजून सांग. मी काय सांगू? बाटलीचं?"

शुद्ध बोलण्याची कुठलीतरी गुंडी निसटली होती. ती त्यांनी लावायचा प्रयत्नही केला नाही.

"आणि एक्केचाळीस कसे झाले असं विचारलं तर?" अस्मिताने विचारलं.

"कसे झाले?"

"त्याला इथे पाठवा. त्याच्यासमोर करून दाखवते. माती तुमची, पाणी तुमचं. झाकणाला गाठ दत्तोबाकाका मारतील."

"गाठ चांगली हाय," दत्तोबा म्हणाले.

हिंमतरावांनी लेबलाची घडी घातली आणि खिशात टाकली. "द्या तो एक्केचाळीस. दोन प्रती द्या. एक मी फ्रेम करून सर्जेरावाच्या समोर लावतो."

अस्मिताने पेन काढलं आणि अहवालाच्या दोन्ही प्रतींवर सही केली. 'परीक्षक: अस्मिता दशरथ ओव्हाळ'. पहिल्या प्रतीवरचा 'ळ' जरा रुंद आला. दत्तोबांनी तो नीट वाळेपर्यंत हिंमतरावांना कागद उचलू दिला नाही, जरी ते जेल पेन होतं आणि शाई केव्हाच वाळली होती.

हिंमतराव गेल्यावर अस्मिता आगाश्यांच्या खोलीत गेली.

"सर, सही झाली."

"फार छान, फार छान." आगाशे चष्मा पुसू लागले. "आता आपल्या कायमचं सोमवारी..."

"सोमवारी सकाळी मी इथे असेन किंवा हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये. बस साडेसातला सुटते. त्या आधी आपलं ऑफिस उघडत नाही."

आगाश्यांनी चष्मा डोळ्यांवर लावला, काढला, पुन्हा लावला. काचा इतक्या स्वच्छ झाल्या होत्या की आता त्यातून बघण्याखेरीज काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दत्तोबा आत आले, त्यांनी कपाटातून लेटरहेड काढलं, टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं, आणि दाराशी जाऊन उभे राहिले, म्हणजे दारातून कोणी बाहेर जाऊ नये.

आगाश्यांनी चार ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीत 'विचाराधीन' असा शब्द आला होता. तो त्यांनी स्वतःच वाचला, थोडा विचार केला आणि खोडला. वर 'कायम' लिहिलं आणि खाली सही केली. वीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं, कारण सही कुठे संपवायची हे त्यांना आठवत नव्हतं. ती कागदाच्या कडेपर्यंत गेली.

अस्मिताने बाहेर येऊन अभयला फोन लावला. "भाऊजी, तुमच्या एचआरना सांगा, पुढच्या कॅंडिडेटला कॉल करा."

"शुअर आहेस? तिथे एसीपण नाही."

"पंखा आहे. पण माती उडते म्हणून बंद ठेवतो."

सोमवारी सकाळी केंद्राच्या पायरीवर दोन पोती उभी होती. हिंमतरावांनी पहाटेच्या गाडीने पाठवली होती, सोबत चिठ्ठी. पहिल्या पोत्यात त्यांच्या दुसऱ्या शेतातली मुरमाड माती होती. दुसऱ्या पोत्याबद्दल चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, की ही माती कोणाची ते विचारू नये, ती बांधाच्या पलीकडून थोडीशी आली आहे. आणि दोन्हींपैकी कोणती जास्त धरते तेवढं कळवावं, शक्यतो गुप्त.

अस्मिताने चिठ्ठी फाइलला लावली, दुसऱ्या पोत्यावर 'नमुना दोन' असं लिहिलं आणि चाळणी घेतली. दत्तोबांनी तिच्यासमोर सहा प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडल्या. त्या त्यांनी काचेसारख्या घासल्या होत्या.